इंदूरची एक दिवाळी

दिवाळी जवळ आली म्हणजे घराघरांतून झाडलोट सुरू होते. माळ्यावरच्या वस्तू खाली येतात, भिंतींना चुना लागतो, आणि वर्षभर साठलेली अडगळ अंगणाबाहेर जाते. लक्ष्मी स्वच्छ घरी येते, ही आपली जुनी समजूत. पण हीच समजूत एका घराला न लावता सबंध नगराला लावून पाहावी, असे शंभराहून अधिक वर्षांपूर्वी एका परकी माणसाच्या मनात आले. ते नगर म्हणजे होळकरांचे इंदूर, आणि तो माणूस म्हणजे स्कॉटलंडचे प्राध्यापक पॅट्रिक गेडीस. नगरसुधारणा म्हणजे काय, ती कोणी करावयाची आणि कोणासाठी, हे प्रश्न आजही आपल्यापुढे आहेत. म्हणून १९१७ सालच्या त्या दिवाळीची कथा आज सांगावयाची आहे.

प्रथम इंदूरविषयी दोन शब्द. खान आणि सरस्वती या दोन लहान नद्यांच्या संगमाजवळ वसलेले हे गाव. १८१८ साली मंदसौरचा तह झाला आणि होळकरांची राजधानी नर्मदाकाठच्या महेश्वराहून इंदुरास आली. राजधानी आली म्हणजे राजवाड्यामागोमाग कारकून, शिलेदार, सराफ, शास्त्री, कासार, शिंपी असे सगळेच येतात. दक्षिणेतून आलेल्या मराठी कुटुंबांनी येथे वाडे बांधले. पुढे अफूच्या आणि कापसाच्या व्यापाराने पैसा आला, रेल्वे आली, कापडाच्या गिरण्यांची धुराडी उभी राहिली. गिरण्यांबरोबर मजूर आले. वस्ती वाढली, जागा मात्र तेवढीच राहिली. ज्या वाड्यात पूर्वी एक कुटुंब राहत असे, तेथे पाच राहू लागली. परसातील विहिरीशेजारी मोरीचे पाणी साचू लागले. नदी जी देवळांच्या पायऱ्यांना लागून वाहत होती, ती उन्हाळ्यात काळवंडू लागली.

अशा नगराला प्लेगने गाठले, यात नवल नव्हते. १८९६ साली मुंबईच्या बंदरात प्लेग उतरला आणि पुढील वीस वर्षांत त्याने हिंदुस्थानातील लाखो माणसे नेली. १८९८ साली सिमाँ या फ्रेंच डॉक्टराने उंदीर आणि त्याच्या अंगावरील पिसू यांच्या द्वारे हा रोग पसरतो असे प्रतिपादले. पण ते सर्वमान्य होण्यास आणखी काही वर्षे जावी लागली. तोपर्यंत सरकारला एकच उपाय सुचत होता, आणि तो म्हणजे सक्ती.

या सक्तीचा इतिहास मराठी माणसाला निराळा सांगावयास नको. १८९७ साली पुण्यात रँडसाहेबाच्या हाताखाली गोरे सोजीर घरांत शिरले. देवघर म्हटले नाही, माजघर म्हटले नाही. रोगी शोधण्याच्या निमित्ताने माणसांची अब्रू रस्त्यावर आली आणि सामान जाळले गेले. त्याच वर्षी २२ जूनच्या रात्री चापेकर बंधूंनी गणेशखिंडीच्या रस्त्यावर गोळ्या झाडल्या; पुढे फाशीचे दोर आले. त्याच पुण्यात आणि त्याच वर्षी मार्चमध्ये सावित्रीबाई फुले प्लेगच्या रोग्यांची शुश्रूषा करताना त्याच रोगाने निवर्तल्या, हेही येथे आठवले पाहिजे. एकीकडे बंदुकीच्या बळावर चाललेली सफाई, दुसरीकडे रोग्याला पाठीशी घेणारी माया. एकाच साथीची ही दोन चित्रे.

मुंबईने दुसरा मार्ग धरला. १८९८ साली तेथे सिटी इम्प्रूव्हमेंट ट्रस्ट स्थापन झाला. दाट वस्त्या पाडाव्या, रुंद रस्ते काढावे, समुद्राचा वारा शहरात खेळवावा, हे त्याचे धोरण. त्याने केलेली कामे लहान नव्हती. सँडहर्स्ट रोड झाला, प्रिन्सेस स्ट्रीट झाली, दादर-माटुंग्याच्या वसाहती उभ्या राहिल्या. परंतु ज्यांची घरे पडली त्यांतील बहुसंख्य माणसे गरीब होती. नव्या घरांचे भाडे त्यांना झेपणारे नव्हते. ती शेजारच्या गल्लीत, अगोदरच भरलेल्या खोल्यांतून जाऊन राहिली. म्हणजे दाटी नाहीशी झाली नाही, तिने फक्त जागा बदलली. नकाशावर रस्ता सरळ दिसला, आणि त्या रेषेखाली किती चुली विझल्या हे नकाशावर उमटले नाही.

अशा वेळी गेडीस हिंदुस्थानात आले. त्यांचा जन्म १८५४ चा. मूळ व्यवसाय वनस्पतिशास्त्राचा. स्कॉटलंडमधील डंडी येथे ते त्या विषयाचे प्राध्यापक होते. झाड जसे माती, पाणी आणि ऊन यांच्याशी बांधलेले असते, तसे नगर हे माणूस, त्याचे काम आणि त्याची भूमी यांच्याशी बांधलेले असते, असा त्यांचा सिद्धांत. एडिंबरोच्या जुन्या पडक्या वस्तीत ते स्वतः पत्नीसह जाऊन राहिले होते आणि तेथील वाडे पाडण्याऐवजी दुरुस्त करून दाखविले होते. १९१४ साली नगररचनेचे आपले प्रदर्शन घेऊन ते इकडे निघाले. ते स्वतः सुखरूप पोहोचले, पण प्रदर्शनाचे सामान ज्या जहाजात होते ते जहाज एमडेन नावाच्या जर्मन युद्धनौकेने बुडविले. आयुष्यभर जमविलेले नकाशे आणि चित्रे समुद्रात गेली. मित्रांनी विलायतेत धावपळ करून दुसरे सामान पाठविले, आणि १९१५ च्या जानेवारीत मद्रासेस प्रदर्शन भरले. त्यानंतर संस्थानिकांची आणि नगरपालिकांची बोलावणी येऊ लागली. १९१६ साली त्यांनी बडोद्याच्या दरबारास आपला अहवाल दिला. पुढे इंदूरच्या तुकोजीराव होळकरांनी, म्हणजे तिसऱ्या तुकोजीरावांनी, त्यांना बोलाविले.

१९१७ हे वर्ष गेडीस यांना फार कठीण गेले. एप्रिल महिन्यात त्यांचा थोरला मुलगा फ्रान्सच्या रणभूमीवर मारला गेला. त्या वेळी त्यांची पत्नी ॲना हिंदुस्थानातच आजारी होती. मुलाच्या मृत्यूची वार्ता तिला सांगण्याचा धीर त्यांना झाला नाही. आणि जूनमध्ये ती न कळताच तीही गेली. बासष्ट वर्षांचा हा माणूस परक्या देशात एकाकी झाला. दुसरा कोणी असता तर मिळेल त्या जहाजाने परत गेला असता. हे गृहस्थ इंदूरच्या गल्ल्यांतून हिंडू लागले.

हिंडणे ही त्यांची पद्धतच होती. वैद्य औषध देण्यापूर्वी नाडी पाहतो, तसे नगराची नाडी पाहिल्यावाचून नकाशावर रेघ ओढू नये, असा त्यांचा दंडक. सकाळपासून ते पायी निघत. कोणत्या बोळात ऊन येते, कोणत्या विहिरीवर बायका पाणी भरतात, कोठले घर पडीक आहे, पिंपळाचा पार कोठे आहे, मुले कोठे खेळतात, हे सारे टिपून घेत. इंजिनियर मंडळींनी दाट वस्त्यांमधून रुंद सरळ रस्ते काढण्याच्या योजना आखल्या होत्या. गेडीस म्हणाले की एवढ्या कापाकापीची गरज नाही. येथे एक पडके घर काढा, तेथे एक भिंत मागे घ्या, दोन बोळ जोडा, मध्ये लहानसा चौक मोकळा करा आणि तेथे झाड लावा. देऊळ, मशीद, विहीर, पार यांना धक्का लावू नका, कारण लोकांचे मन त्यांच्याभोवती बांधलेले आहे. या रीतीला ते सांभाळून केलेली शस्त्रक्रिया म्हणत. यात पैसा कमी लागे, आणि त्याहून महत्त्वाचे म्हणजे फार थोडी माणसे बेघर होत.

त्यांनी तुळशीवृंदावनाचे फार कौतुक केले आहे. ज्या अंगणात तुळस नीट वाढते त्या घराची बाई दक्ष असते, आणि जेथे बाई दक्ष तेथे घाण आणि उंदीर फार काळ टिकत नाहीत, असा त्यातील आशय. मी ख्रिस्ती घरात वाढलो. आमच्याकडे अंगणात तुळशीऐवजी क्रूस असतो. पण त्याच्याभोवतीची जागा रोज झाडून सारवून ठेवण्याची शिस्त तीच. म्हणून हे विधान मला परके वाटले नाही.

परंतु इंदुरातील लोक या साहेबाकडे संशयाने पाहत होते. टोपी घातलेला माणूस वही घेऊन घराकडे पाहू लागला म्हणजे घर पडणार, एवढेच अनुभवाने त्यांना ठाऊक होते. बायका मुलांना आत ओढीत. गेडीस यांच्या हे ध्यानात आले. भीती हुकमाने जात नाही, हेही त्यांना कळत होते. त्यांनी महाराजांकडे मागणे केले की एक दिवसापुरते मला राजा करा. तुकोजीरावांनी ते मान्य केले. तेव्हा दवंडी पिटली गेली की यंदा दिवाळीची मिरवणूक नव्या पद्धतीने निघेल. दरवर्षीचे ठरलेले मार्ग हिंदूंचे निराळे, मुसलमानांचे निराळे. यंदा मार्ग अगोदर ठरणार नाही. ज्या मोहल्ल्यातील लोक आपली घरे आणि गल्ल्या सर्वांत अधिक झाडून, दुरुस्त करून, रंगवून दाखवतील, त्या मोहल्ल्यातून मिरवणूक जाईल. मग तो कोणत्याही जातीचा वा धर्माचा असो. घराघरांतील केरकचरा सरकारी गाड्यांतून फुकट नेण्याची व्यवस्था झाली. उंदरांचे सापळे लागले. आणि ज्या लोकांना पुण्याप्रमाणे सोजीर धाडूनही साफ करता आले नसते, त्यांनी आपापली अडगळ आपण होऊन गाड्यांवर रचली.

मग ती मिरवणूक निघाली. गेडीस यांनी तिचे जे वर्णन पुढे सांगितले, त्यावरून तिचे तीन भाग दिसतात. आरंभी हत्ती, घोडेस्वार, पायदळ, वाजंत्री आणि शेतीच्या सुगीचा थाट. त्यामागे एकाएकी उदास सूर आणि आक्रोशाची वाद्ये; पडक्या घरांचे देखावे, रोगाच्या आकृती, घाणीचा प्रचंड राक्षस आणि त्याच्याबरोबर प्लेगचा अजस्र उंदीर. नंतर सूर पालटला. रंगविलेल्या शिंगांचे बैल, नव्याने रंग दिलेल्या कचऱ्याच्या गाड्या, आणि त्यांच्याबरोबर शुभ्र कपडे घातलेले, हाती नवे झाडू घेतलेले, फुलांनी सजलेले नगराचे झाडूवाले. ज्यांच्या सावलीला लोक दूर सरत, ते त्या दिवशी राजमार्गाच्या मध्यभागातून चालले. त्यांच्यामागे नगरलक्ष्मी, आणि मग पुढील काळातील इंदूरचे नमुने: नवी घरे, ग्रंथालय, संग्रहालय, नाट्यगृह. शेवटी बागांचा देखावा, आणि लोकांना वाटण्यासाठी तुळशीची रोपे. रात्री उद्यानात तो राक्षस आणि तो उंदीर जाळण्यात आले. दसऱ्याला रावण जाळणाऱ्या लोकांना याचा अर्थ समजावून सांगावा लागला नाही.

श्रोतेहो, या कथेत एक गोडवा आहे, आणि म्हणूनच ती ऐकताना थोडे सावध असले पाहिजे. कथा सांगणारे मुख्यतः स्वतः गेडीसच होते, आणि आपल्या यशाचे वर्णन करताना माणूस हात आखडीत नाही. त्या मिरवणुकीने प्लेग हटला, असे म्हणण्याचा मोह होतो. पण प्लेगची साथ ऋतुमानाप्रमाणे चढते आणि उतरते, तेव्हा सारे श्रेय एका रात्रीला देता येणार नाही. शिवाय एक दिवस फुले वाहून झाडूवाल्याचे जिणे बदलले काय? दुसऱ्या दिवशी त्याच्या हाती तेच काम आले. डोक्यावरून मैला वाहण्याच्या प्रथेविरुद्ध आपल्या देशात कायदा झाला तो १९९३ साली, आणि तो पुरेसा नाही म्हणून दुसरा करावा लागला तो २०१३ साली. त्या दिवाळीपासून पहिल्या कायद्यापर्यंत शहात्तर वर्षे गेली. एवढे लक्षात ठेवूनच त्या मिरवणुकीचा गौरव करावा.

तरीही तिचे एक मोल शिल्लक राहते. लोकांना शत्रू न मानता सुधारणा सुरू करता येते, हे तिने दाखविले. पुण्यात वीस वर्षांपूर्वी सरकारजवळ फौज होती आणि इंदुरात गेडीस यांच्याजवळ केवळ एक सण होता. पुण्यात रक्त सांडले. इंदुरात ज्या गल्लीत साहेबाला पाहून दारे लागत, तेथे लोक त्याला आपले घर दाखवू लागले.

१९१८ साली गेडीस यांनी इंदूर दरबारास आपला अहवाल सादर केला. तो दोन भागांत आहे. जुन्या वस्त्यांची डागडुजी, गिरणी कामगारांसाठी बागांसह नवी वसाहत, नद्यांची स्वच्छता आणि त्यांच्या काठी उद्याने, विहिरी बुजविण्याऐवजी त्या साफ ठेवणे, हे त्यातील काही विषय. दुसऱ्या भागात तर मध्य हिंदुस्थानासाठी विद्यापीठाची कल्पना मांडली आहे. सांडपाण्याविषयी त्यांचे मत त्या काळी विक्षिप्त वाटले असावे. प्रचंड खर्चाची गटारे बांधून मैला पाण्याबरोबर नदीत ढकलण्यापेक्षा तो बागांना आणि शेतांना खत म्हणून द्यावा, म्हणजे नदीही वाचेल आणि जमीनही पिकेल, असे त्यांचे म्हणणे.

योगायोग असा की काही वर्षांनी याच इंदुरात या विचाराला शास्त्राचा आधार मिळाला. १९२४ साली येथे वनस्पती-संशोधनाची एक संस्था निघाली आणि तिचे संचालक म्हणून आल्बर्ट हॉवर्ड आले. पालापाचोळा, शेण, गोमूत्राने भिजलेली माती आणि राख यांचे थर रचून, ते ठराविक वेळी परतून, सुमारे तीन महिन्यांत उत्तम खत तयार करण्याची रीत त्यांनी आपले सहकारी यशवंत वाड यांच्यासह बसविली आणि १९३१ साली दोघांनी मिळून तिच्यावर पुस्तक लिहिले. जगभरच्या शेतकऱ्यांना ती रीत ‘इंदूर पद्धत’ या नावानेच ठाऊक आहे. हॉवर्ड यांनी ती गेडीस यांच्यापासून घेतली, असे मला सुचवावयाचे नाही. टाकून दिलेल्या वस्तूत पुढचे पीक पाहणारी ही दोन माणसे एकाच गावच्या मातीत वावरली, एवढेच नमूद करावयाचे आहे.

अहवालाचे पुढे काय झाले? काही भाग प्रत्यक्षात आला, पुष्कळसा कपाटात राहिला. १९२६ साली तुकोजीराव गादीवरून दूर झाले. विद्यापीठ निघाले ते १९६४ साली. आज ते देवी अहिल्येच्या नावाने ओळखले जाते. नगर मात्र कोणासाठी थांबले नाही. तलावांचे पाणी पुरेना. यशवंतसागर बांधून झाला, तोही अपुरा पडला. नर्मदेचे पाणी इंदुरास मिळावे म्हणून १९७० साली लोकांनी मोठे आंदोलन केले. आणि सुमारे सत्तर किलोमीटरांवरून, डोंगर चढून, ते पाणी १९७८ साली गावात आले. ज्या महेश्वराच्या परिसरातून राजधानी निघाली होती, तेथील नदी अशा रीतीने दीडशेहून अधिक वर्षांनी राजधानीच्या नळाला आली. पण जेवढे पाणी घरात आले तेवढे मोरीतून बाहेरही गेले, आणि ते झेलण्यास खान आणि सरस्वती याच दोघी होत्या. कृष्णपुऱ्याच्या सुंदर छत्र्या ज्या पाण्यात आपले रूप पाहत, ते पाणी नाल्याचे झाले; आणि तेच पुढे उज्जैनजवळ क्षिप्रेला जाऊन मिळते.

आता इंदूरची कीर्ती निराळ्या कारणाने पसरली आहे. स्वच्छतेच्या राष्ट्रीय सर्वेक्षणात २०१७ पासून सलग सात वेळा या नगराने पहिला क्रमांक घेतला. ओला आणि सुका कचरा घरातच वेगळा होतो, गाडी दारी येते, आणि २०२२ पासून ओल्या कचऱ्यापासून इंधनवायू काढणारा मोठा कारखाना देवगुराडियाजवळ चालू आहे. ही गोष्ट अभिमानाची आहे, आणि तिच्यामागे गाडी येताच दोन डबे घेऊन दाराशी उभी राहणारी गृहिणी आहे, पहाटे झाडू घेऊन निघणारी स्त्री आहे. १९१७ च्या दिवाळीचे मर्म तेच होते.

पण त्या दिवाळीने शिकविलेला दुसरा धडा विसरता येणार नाही. मी शाळेत इतिहास शिकवितो. वर्गात एकदा मुलांना विचारले की आपल्या मोरीतून गेलेले पाणी पुढे कोठे जाते. सगळे गप्प बसले. अखेर मागच्या बाकावरील एक मुलगा म्हणाला, “सर, आमच्या घरामागून जाते.” त्याचे घर नाल्याकाठी होते. वर्गातील बाकीच्यांना जे ठाऊक नव्हते ते त्याला रोजच्या वासाने ठाऊक होते. कोणतीही नगरसुधारणा प्रथम या मुलाच्या घरामागे जाऊन पाहिली पाहिजे. नदीकाठ सुंदर करावयाचा म्हणून त्याचे घर उचलून दूर माळावर टाकले, तर नदी स्वच्छ झाली असे म्हणता येईल. नगर सुधारले असे म्हणता येणार नाही.

बडोदे असो, बेळगाव असो, हैदराबाद असो की पणजी. आपण मराठी माणसे ज्या ज्या नगरांत पिढ्यान् पिढ्या नांदलो, ती सारी आज वाढत आहेत. रस्ते रुंद होतील, पूल होतील, जुने वाडे पडतील. काही पडलेच पाहिजेत. परंतु रेघ ओढणाऱ्याने आधी त्या गल्लीतून पायी चालावे, तेथील विहीर आणि पार पाहावा, दाराआड उभ्या असलेल्या बाईशी दोन शब्द बोलावे. स्वतःचे घर उद्ध्वस्त झालेला एक वृद्ध माणूस परक्यांची घरे वाचविण्यासाठी इंदूरच्या बोळांतून हिंडला, त्याने एवढेच मागितले होते.

येत्या दिवाळीला आपण घर झाडाल, तेव्हा केर उचलून नेणाऱ्याला दारात थांबवून त्याचे नाव विचारा. नगराच्या सुधारणेचा आरंभ तेथून करावयास हरकत नाही.